स्लॉट कार शर्यतीला चांगली आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकच्या खाचेतून धावणारी विजेवरची छोटी गाडी. वापरलेली १:३२ ची (लांबीला खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढी) गाडी दिसायला झकास आहे, पण पळेल का, असा तुमचा प्रश्न आहे. बॉडीकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी गाडी उलटी करून मागचा ॲक्सल बोटाने फिरवा. चाकं डुगडुगली तर गाडी वेगात उसळणारच. टायर गोल नसेल तर रिमला चिकटवून बारीक सँडपेपरवर घासता येतो. वाकडा ॲक्सल मात्र बदलावाच लागतो.

मग सपाट काचेवर ठेवा, गाइडची (गाडीच्या पुढच्या भागाखालचा, खाचेत चालणारा तुकडा) पाती काचेच्या कडेबाहेर येईल अशी. एखादं चाक अधांतरी राहिलं तर चासी पिळलेली आहे. पुढच्या चाकांनी गाइड खाचेतून वर उचललं जाता कामा नये, नाहीतर वळणावर गाडी बाहेर फेकली जाते.

माझ्या मते खरी परीक्षा म्हणजे गाडीखालचा चुंबक काढून चालवणं. चुंबक गाडीला ट्रॅकमधल्या लोखंडी पट्ट्यांकडे खेचून धरतो आणि बाकीचे सगळे दोष झाकतो. लाकडी ट्रॅकवर तांब्याची पट्टी असेल तर त्याचा उपयोगही नसतो. चुंबकाविना वळणावर मागचा भाग हळूहळू सरकला तर गाडी उत्तम. टणाटण उड्या मारल्या तर टायर, सैल मोटर किंवा घट्ट आवळलेली बॉडी यांपैकी काहीतरी आहे. बॉडीचे स्क्रू अर्धा फेरा सैल करून पाहा, फरक लगेच जाणवतो.

गिअर करकरत असतील तर पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि क्राउन गिअर (ॲक्सलवरचा मोठा गिअर) किती घट्ट बसलेत ते तपासा. ब्रेड (ट्रॅकवरून वीज घेणाऱ्या, गाइडखालच्या तारेच्या वेण्या) झिजलेले असले तरी चालतील, ते सहज बदलतात.