एवढ्या ठिकाणी फिरले, पण उपयोग होतोय का हे कळायचं कसं?

"ताई, पोलिसांत गेले, सखी सेंटरला गेले, संरक्षण अधिकारी मॅडमना भेटले, वकीलपण मिळाला, पण ह्याचा खरंच उपयोग होतोय का नुसतीच पायपीट चाललीय?" सांगलीत केंद्रावर बसून घरी मार खाणाऱ्या बायकांकडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. (सखी सेंटर म्हणजे अशा बाईला एकाच ठिकाणी मदत मिळायचं सरकारी केंद्र, आणि संरक्षण अधिकारी म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तिच्या मदतीला नेमलेला सरकारी अधिकारी.) बायकाच विचारतात असं नाही, माहेरचेपण विचारतात, भाऊ तर हमखास, कारण गाडीवर बसवून तोच सगळीकडे फिरवत असतो.

अशीच एक बाई, तिला आपण सुनंदा म्हणू (नाव आणि बारीकसारीक तपशील बदललेत). तासगाव तालुक्यातली, बेदाणा निवडायला शेडवर जाणारी, दोन पोरं. नवऱ्याची मारहाण लग्नापासूनची. ती सगळीकडे जाऊन आली होती आणि सगळे तिच्याशी चांगलेच वागले होते, हे आधी सांगते, कारण ही काही कुणाच्या तक्रारीची गोष्ट नाही.

आमच्याकडे मध्ये सगळ्या यंत्रणांची मिळून एक बैठक झाली, त्यासाठी बायकांकडून फॉर्म भरून घेतले होते. मिळालेल्या सेवेबद्दल समाधानी आहात का, होय किंवा नाही. सुनंदानं सगळीकडे होय वर टिक केलेली. मी फॉर्म बाजूला ठेवला आणि विचारलं, "यातल्या कुणाला तू उद्या परत फोन करशील?"

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या ठाण्यातल्या कॉन्स्टेबल ताईंना."

"का गं? त्यांनी तर फक्त तक्रार लिहून घेतली."

"न्हाई ओ. त्यांनी पुढच्या मॅडमना माझ्यासमोर फोन लावला. म्हणाल्या, ही बाई यायलीय, मी सगळं लिहून घेतलंय, तिला परत पहिल्यापास्नं सांगाय लावू नका. बाकी समदीकडं मी पहिल्या रात्रीपास्नंच सांगत बसले. दरवेळी सांगताना तो मार परत खाल्ल्यागत वाटतं."

मी इतकी वर्षं हे काम करतेय आणि माझं आधीपासूनच मत आहे की बाईला स्वतःच्या आयुष्यातलं सगळ्यात जास्त कळतं, आपण फक्त प्रश्न नीट विचारायचा. त्या दिवशी ते परत पटलं. आपण प्रत्येक ऑफिसला वेगवेगळे मार्क देत बसतो, पण बाई पडते ती दोन ऑफिसांच्या मधल्या फटीत. एसटीचं तिकीट अर्धं झालं हे खरं, पण कोर्टाच्या तारखेला गेलं की शेडवरची हजरी पूर्ण बुडते, आणि तिथं गेल्यावर कळतं की कागद अजून आलाच नाही. ही फट कुठल्याच फॉर्मवर नसते.

म्हणजे यंत्रणा नाहीत असं नाही. पोलिसांसोबत बसून अशा बायकांना मदत करणारा विशेष कक्ष मुंबईत 1984 ला सुरू झाला, पुढे तो राज्यभर गेला. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे, सखी वन स्टॉप सेंटरची योजना 2015 ची. बाईला सरकारी मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीका असेना. माणसं आहेत, खुर्च्या आहेत, प्रश्न एकमेकांना फोन करायचा आहे.

म्हणून जी बाई मला विचारते की उपयोग होतोय का, तिला मी सांगते, केसचा निकाल लागला का हे लगेच बघू नकोस. कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हायचा प्रयत्न करावा, प्रत्यक्षात काय होतं ते तारखांना फेऱ्या मारणाऱ्यांना विचारा. त्यापेक्षा हे बघ की तिथून बाहेर पडताना पुढं कुठं, कधी आणि कुणाला भेटायचं हे तुला माहीत होतं का, तुझ्या जबाबाची आणि अहवालाची कॉपी तुझ्या पिशवीत आहे का (कोर्टाच्या आदेशाची प्रत फुकट मिळते, मागून घे), आणि रात्री काही झालं तर कुठला नंबर उचलला जातो. 181 (महिला हेल्पलाइन) आणि 112 (पोलिसांची तातडीची मदत) पाठ असू दे, पोरांनापण शिकव.

आणखी एक, ज्यावर आमच्यातच वाद होतात. सगळे मिळून काम करतात म्हणजे तुझी गोष्ट सगळ्यांना सांगायची असं नाही. आपल्याकडे तालुक्यात कोण कुणाचा पाहुणा निघेल नेम नाही, ऑफिसात बोललेलं संध्याकाळपर्यंत सासरी पोचतं. कुणाला काय सांगायचं हे आधी तुला विचारलं गेलं पाहिजे, आणि नाही म्हणायचा तुला हक्क आहे. समेटाच्या आकड्यावरपण माझा विश्वास नाही. बाई परत नांदायला गेली की फाईलवर "यशस्वी" लिहितात, पण मार थांबला का हे सहा महिन्यांनी कोण विचारतं? या कायद्याखाली कोर्टानं समुपदेशनाला पाठवलं तर तिथं नवऱ्याला मारहाणीचं समर्थन करू देत नाहीत, हे नियमातच आहे. "जरा तूपण समजून घे" असं कुणी म्हणालं तर ते समुपदेशन नाही, खुशाल उठून या.

सुनंदाची केस चालू आहे. पोटगीचा अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश झालाय, नवरा मधूनच पैसे चुकवतो, मग ती स्वतः वकिलांना फोन लावते, भावाला सांगत बसत नाही. पुढच्या बैठकीत मी फॉर्ममध्ये एक प्रश्न घालायला लावला, तुम्हाला झालेलं किती ठिकाणी परत पहिल्यापासून सांगावं लागलं? एक साहेब म्हणाले, मॅडम, यानं आपले आकडे खराब दिसतील. म्हटलं दिसू देत. प्रश्न फॉर्मवर राहिला.