‘डबल व्हॅमी’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आला आहे : ‘गारपीट आणि निर्यातबंदी ही कांदा उत्पादकांसाठी डबल व्हॅमी ठरली’ अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य मराठीत आणायचं आहे. ‘दुष्काळात तेरावा महिना’ चालेल का? की ‘डबल व्हॅमी’ तसंच ठेवावं?

सरळ उत्तर आहे ‘दुहेरी फटका’. वर्तमानपत्रांनी तो रुळवलाय, अर्थ चोख आहे आणि कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण तेवढ्यावर थांबायला माझं मन होत नाही, कारण विचारलेली म्हण आणि हा शब्दप्रयोग यांत एक बारीक फरक आहे. शिवाय मराठी माणूस अशा वेळी प्रत्यक्षात बोलतो ते वेगळंच असतं.

आधी मूळ शब्द. ‘व्हॅमी’ म्हणजे अमेरिकी बोलीत चक्क दृष्ट, करणी. १९४०च्या सुमारास तो छापून येऊ लागला होता, पण घरोघरी पोचला तो व्यंगचित्रकार ॲल कॅप यांच्या ‘लिल ॲबनर’ या वर्तमानपत्री चित्रमालिकेमुळे. तिच्यात ब्रुकलिनचा ‘ईव्हल-आय फ्लीगल’ नावाचा इसम होता. एक डोळा रोखला की साधी व्हॅमी, दोन्ही डोळे रोखले की डबल. म्हणजे ज्या नजरेसाठी आपल्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकतात, तीच ही, फक्त दोन्ही डोळ्यांची. पुढे नजर मागे पडली आणि ठोसा उरला. १९९२च्या ब्रिटिश निवडणुकीत हुजूर पक्षानं मजूर पक्षाविरुद्ध लावलेल्या ‘डबल व्हॅमी’च्या फलकावर मुष्टियोद्ध्याचे दोन लाल हातमोजे होते. एकावर वाढीव कर, दुसऱ्यावर वाढत्या किमती.

हे दोन हातमोजे लक्षात ठेवा. दोन्ही सारख्याच वजनाचे आणि एकाच माणसावर उगारलेले. त्यात आधीचा-नंतरचा असा भाव नाही.

‘दुष्काळात तेरावा महिना’ मध्ये तो आहे. दुष्काळ आधीपासून घरात बसलेला, आणि तेरावा महिना त्यावर येऊन पडलेला. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. हे अकरा दिवस साठत जातात आणि सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास धरावा लागतो. बारा महिने पुरवायचं धान्य जिथे पुरत नाही, तिथे वर्षच तेरा महिन्यांचं झालं. त्यात हा धोंड्याचा महिना, जावयाला जेवायला बोलवायचं, अनारशांचं वाण द्यायचं. ज्या बाईनं कणगीच्या तळाशी हात घालून पाहिला असेल, तिलाच ही म्हण सुचली असणार असं मला नेहमी वाटतं.

म्हणून दोन संकटं बरोबरीची असतील तिथे ही म्हण थोडी लंगडते. पण आधीच पिचलेल्यावर नवं काही कोसळलं असेल, तर हिच्याइतकं नेमकं दुसरं काही नाही. २०२३ साली तर ती जवळजवळ शब्दशः घडली. त्या वर्षी १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण होता. १९०१पासूनच्या नोंदींत देशभरातला सर्वांत कोरडा ऑगस्टही त्याच वर्षीचा. ऑक्टोबरअखेर महाराष्ट्रात ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यांत नाशिक जिल्ह्यातले येवला, सिन्नर आणि मालेगाव होते.

तुमचं वाक्य याच जिल्ह्यात नेऊन बघू. २६ नोव्हेंबर २०२३ला निफाडकडे गारपीट झाली, द्राक्षं आणि कांदा झोडपला गेला. पुढच्याच पंधरवड्यात, ८ डिसेंबरपासून, केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. भाव कोसळले, बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. एक तडाखा आभाळातून, एक दिल्लीतून. याला मराठीत फार जुना आणि धारदार शब्द आहे : अस्मानी-सुलतानी. आसमान म्हणजे आभाळ आणि सुलतान म्हणजे राज्यकर्ता. इंग्रजी शब्द फक्त संकटं मोजतो, दोन आहेत एवढंच सांगतो. आपला शब्द ती कुठून आली तेही सांगतो. शेतीच्या मजकुरात हा हाताशी असताना ‘डबल व्हॅमी’ लिहावंसं वाटणं मला खरोखर पटत नाही. अर्थात, दोन्हींपैकी एक संकट निसर्गाचं आणि एक सरकारी असेल तरच. नोकरी गेली आणि पाय मोडला, तर त्याला अस्मानी-सुलतानी म्हणता येणार नाही.

बाकीच्या म्हणी पटकन बाजूला काढतो. ‘इकडे आड, तिकडे विहीर’मध्ये निवड करायची असते, मार अजून बसलेला नसतो. ‘आगीतून फुफाट्यात’मध्ये माणूस एका संकटातून सुटून दुसऱ्यात पडतो, दोन्ही एका वेळी नसतात. ‘आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला’ ही वागण्याबद्दलची, नुकसानीबद्दलची नव्हे. ‘घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं’ मात्र जवळची आहे, पण तिच्यात दुसऱ्यानं गळ्यात मारलेल्या ओझ्याची कुरकुर हवी.

आता बोलण्याकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. परवा सकाळी शेजारच्या काकू दारात उभ्या. हात कणकेचे, एका हाताच्या मनगटानं कपाळावरचे केस मागे सारत म्हणाल्या, ‘आधीच कामवाली आज आली नाही, त्यात गॅस संपला. वर पाहुणे!’ कुठे दुहेरी नाही, फटका नाही, संकट नाही. ‘आधीच’, ‘त्यात’, ‘वर’ या तीन शब्दांनी सगळा भार उचलला. मराठीची डबल व्हॅमी नामात कमी आणि या अव्ययांत जास्त असते. चढत जाणारं संकट असेल तर ‘आधीच… त्यात…’, तक्रारीचा सूर असेल तर ‘एक तर… वर…’, आणि दोन्ही बाजूंनी सारखाच मार असेल तर ‘इकडून… तिकडून…’. फ्लीगलच्या दोन डोळ्यांना हा तिसरा साचा बरोबर बसतो.

‘दुहेरी फटका’च वापरायचा असेल तर क्रियापद सांभाळा. फटका बसतो. ‘शेतकरी दुहेरी फटक्याचा सामना करत आहेत’ हे मराठी अक्षरांतलं इंग्रजी झालं. ‘शेतकऱ्यांना दुहेरी फटका बसला’ म्हणावं. आणि कारणं मोजून दोनच द्यावीत. तीन असतील तर तिहेरी लिहायला कुणाची हरकत नाही. गप्पांत कुणी ‘डबल व्हॅमी झाली’ म्हणालं तर मी अडवणार नाही, पण गावोगावी वाचल्या जाणाऱ्या मजकुरात तो अर्ध्या वाचकांना बाहेर ठेवेल.

तुमचं वाक्य मी बातमीत असं लिहीन : ‘गारपिटीपाठोपाठ निर्यातबंदी आल्यानं कांदा उत्पादकांना दुहेरी फटका बसला.’ लेख असेल तर असं : ‘इकडून गारांनी झोडपलं, तिकडून निर्यातबंदीनं भाव पाडला.’ आणि येवल्याच्या शेतकऱ्याबद्दल असेल, तर तुमची म्हणच ठेवीन.