ब्रोकोलीतील सल्फोराफेन स्तनाच्या कर्करोगावर उपयोगी पडते का?

सल्फोराफेनमुळे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मरतात असे वाचून, आईचे टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरचे औषध) चालू असताना तिला ब्रोकोलीच्या अर्काच्या गोळ्या द्याव्यात का, असे आपण विचारले आहे. अशा पेशी मी प्रयोगशाळेत काही वर्षे वाढवल्या आहेत. त्यांतल्या एमसीएफ-७ या प्रकारच्या पेशी बशीच्या तळाला घट्ट चिकटून पसरतात. सल्फोराफेन घातले की एक-दोन दिवसांत त्यांतील बऱ्याच आक्रसून गोल होतात आणि तळ सोडून तरंगू लागतात. तेव्हा आपण वाचलेले खोटे नाही. (मीठ जास्त झाले तरी त्या मरतात, हेही खरे.)

प्रश्न मात्रेचा आहे. बशीत हे संयुग साधारणपणे ५ ते २५ मायक्रोमोलर (द्रवातील प्रमाणाचे एकक) इतके घालतात आणि पेशी एक ते तीन दिवस त्यातच राहतात. खाण्यातून रक्तात त्याची पातळी जेमतेम एक-दोन मायक्रोमोलरपर्यंत चढते आणि काही तासांतच, लघवीवाटे ते बाहेर पडू लागल्याने, उतरते. शिवाय भाजीत सल्फोराफेन तयार स्वरूपात नसतेच: ग्लुकोराफॅनिन हे त्याचे मूळ संयुग आणि मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, आणि चिरताना किंवा चावताना ते एकत्र आले की सल्फोराफेन बनते. भाजी खूप उकळली तर विकर निकामी होते. मग आतड्यातील जिवाणू जेवढे बनवतील तेवढेच. मोहरीत हेच विकर असल्याने शिजलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड घातल्यास त्याची बरीच भरपाई होते.

भाज्यांनी रोग परतणे टळते का, हे अमेरिकेत प्रत्यक्ष तपासले गेले आहे. सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगावर उपचार झालेल्या ३,०८८ स्त्रियांपैकी निम्म्यांना भरपूर भाज्या-फळांचा आहार दिला. सुमारे सात वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत रोग परतण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

त्यामुळे भाजी आईंनी खुशाल खावी, गोळ्यांबाबत मात्र मी सावध राहीन. कोबीवर्गातील भाज्यांपासून मिळणारे डायइंडोलिलमिथेन हे दुसरे संयुग टॅमॉक्सिफेनबरोबर घेणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात एंडॉक्सिफेन, म्हणजे त्या औषधाचे शरीरात बनणारे प्रभावी रूप, कमी झालेले एका चाचणीत दिसले आहे. त्याचा उपचाराच्या परिणामावर काय फरक पडतो हे त्या चाचणीतून ठरले नाही, पण आपल्या आईंवर तो प्रयोग करण्याचे कारण मला दिसत नाही. आणलेल्या बाटलीवर डायइंडोलिलमिथेन हे नाव आहे का ते पाहा, आणि नाव नसले तरी गोळी सुरू करण्याआधी ती बाटली त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना दाखवा.