कोपनहेगनला आई-बाबांसोबत एकच सकाळ हाताशी आहे. राजवाड्यासमोरचा पहारेबदल बघण्यासारखा आहे का?

बघण्यासारखा आहे, पण बाराच्या ठोक्याला थेट आमालिएनबोर्ग राजवाड्याच्या चौकात जाऊन उभे राहू नका. तेव्हा पुढच्यांचे वर धरलेले मोबाइलच जास्त दिसतात. खरी मजा आधीच्या अर्ध्या तासात. रोसेनबोर्ग किल्ल्याला लागून असलेल्या बराकीतून नवी तुकडी साडेअकराच्या सुमारास निघते आणि भर बाजारपेठेतून राजवाड्याकडे येते. रस्ता मोकळा करायला पोलीस असतात, आणि बाजूच्या फुटपाथवरून आपण चालायचं. तिकीट नाही, लंडनसारखं कुंपणाच्या गजांतून डोकावणं नाही.

अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या, गडद निळे कोट, छातीवर पांढऱ्या पट्ट्यांची फुली. लाल कोट सणासुदीलाच निघतात, जसं 26 मेला, राजाच्या वाढदिवशी. पलटण 1658 सालची, पण टोपीखालचे चेहरे अगदी कोवळे, कारण बरीचशी मुलं सक्तीच्या लष्करी सेवेतली असतात.

पूर्ण बँड हवा असेल, तर राजे फ्रेडरिक दहावे मुक्कामाला असायला हवेत. वाड्यावर झेंडा असला की ते आहेत असं समजायचं. उन्हाळ्यात राजघराणं बरेचदा बाहेरच्या वाड्यांवर असतं. बँड नसेल तर चौकातला भाग निम्म्यात सोडलात तरी माझ्या मते काही बिघडत नाही. एकेका चौकीवरचा माणूस बदलत जातात, फार सावकाश चालतं ते. त्या लाल लाकडी चौक्या मात्र जवळून बघा, त्यांना बाजूला चक्क बदामाच्या आकाराची भोकं आहेत! राजाच्या पहाऱ्याला बदाम, हे डॅनिश लोकच करू जाणे.

वाड्याच्या पायऱ्यांवर टेकायचं नाही, हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. माझ्यासमोर एक बाई फोटोसाठी बसल्या आणि तोवर पुतळ्यासारखा उभा असलेला पहारेकरी असा खेकसला, की आख्खा चौक वळून बघायला लागला.

लष्करी चालीने अर्धा तास त्यांना झेपणार नसेल, तर पावणेबाराच्या आत कोंगेन्स न्यूटोर्व मेट्रोला उतरून थांबा. तुकडी तिथूनच पुढे जाते आणि तिथून राजवाडा जवळ आहे. चौकात दगडी गोट्यांची फरसबंदी आहे, तेव्हा आईंना चपलांऐवजी बूट घालायला सांगा.