आधी रात्रीची जागा, मग गाडी

प्रिय पोरी,

आशीर्वाद.

इलेक्ट्रिक गाड्यांची तू पाठवलेली तिन्ही कोटेशनं आणि तो भलामोठा तक्ता पाहिला. रेंज, डिकी, स्क्रीनचा आकार, हप्ता, कॅशबॅक, सगळं रकान्यांत बसवलंयस. खाली लिहिलंयस, "मावशी, डोकं चालेनासं झालंय, कुठली घेऊ ते तूच सांग." तक्ता मी दोनदा वाचला. गाडी रात्री कुठे उभी राहणार आणि तिची वायर कुठल्या पॉइंटात जाणार, हा रकाना मला त्यात सापडला नाही.

विजेवरची गाडी घ्यावी की नाही यावर आपण बोलायला नको. तुझं ते ठरलंय आणि माझंही. पासष्ट किलोमीटरांची रोजची ठरलेली वाट, नाशिकचा पाथर्डी फाटा ते सिन्नरची माळेगाव एमआयडीसी आणि परत, म्हणजे छोट्या इलेक्ट्रिक गाडीसाठी मापाचं काम. जाताना मोहदरी घाट चढायचा, येताना उतरताना थोडी वीज बॅटरीत परत यायची. एका युनिटात सात-आठ किलोमीटर धर, म्हणजे रोजची आठ-नऊ युनिटं. साध्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर तासाला तीनेक युनिटं भरतात. तू जेवून झोपलीस की मध्यरात्र उलटता उलटता काम झालेलं असतं. तेवढ्याच अंतराला पेट्रोल चार लिटर, म्हणजे चारशेच्या वर. गणित उघड आहे. पण ते उघड आहे ते गाडी रात्री घरी भरली तर. रात्रीची जागा काढून घे, की याच गणितातलं एकही वाक्य टिकत नाही.

म्हणून सांगते, आधी रात्रीची जागा, मग गाडी.

तू भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतेस. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा आणि गाडीचा हप्ता साठ महिन्यांचा. मालकांना तू फोनवर विचारलंस, ते म्हणाले "बघू", आणि तू तो होकार समजलीस. अगं, "बघू" हा होकार नसतो! सोसायटीत तर अजून विचारलंच नाहीस. सेल्समन म्हणाला, "मॅडम, चार्जिंगचं काही टेन्शन नाही, हायवेला स्टेशनं झालीत." झालीत, मान्य. पण सेकंड शिफ्ट संपवून रात्री साडेदहाला शिंदे-पळशाच्या पुढे कुठल्या तरी हॉटेलच्या आवारात एकटीने तास-तास बसणार आहेस का, आठवड्यातून तीनदा, सहा वर्षं? आणि त्या स्टेशनातलं दुसरं टोक बंद असलं, पहिल्यावर कुणी लावून जेवायला गेलेलं असलं, तर? तुझ्या आईला मी काय सांगू?

फास्ट चार्जर प्रवासासाठी असतात. त्यांच्या भरवशावर रोजची नोकरी करायची नाही. युनिटाचा दर तिथे घरापेक्षा चढा असतो, म्हणजे बचतही जाते आणि झोपही. तुझ्या तक्त्यातली एमजीची कॉमेट तर हायवेच्या डीसी, म्हणजे फास्ट, चार्जरवर भरतच नाही, तिची सगळी मदार घरच्या पॉइंटवर. तीन मीटरपेक्षा आखूड, गल्लीबोळात कुठेही वळणारी, शहरापुरती मला आवडते. पण 17 युनिटांची बॅटरी आणि तुझं अंतर पाहता जवळजवळ रोज रात्री लावावी लागेल. एखाद्या रात्री वीज गेली, पार्किंगमध्ये कुणी आडवी गाडी लावली, की दुसऱ्या दिवशी घाटात काळजाची धडधड. टाटाच्या टियागोत 19.2 आणि 24 युनिटांच्या अशा दोन बॅटऱ्या आहेत. 2022 मध्ये आली तेव्हा कंपनीने एका चार्जमध्ये 250 आणि 315 किलोमीटर सांगितले होते. ते आकडे चाचणीचे. मोठ्या बॅटरीचे तू 180 धर. तुझ्या कामाला ते भरपूर झाले, एक रात्र चुकली तरी निभतं. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, आणि तुझी धाव वर्षाला वीस हजारांच्या आत, म्हणजे ती पुरती वापरून होईल. कुठली घेऊ याचं माझं उत्तर म्हणजे ही मोठ्या बॅटरीची. पण हे उत्तर आज तुझ्या कामाचं नाही. रात्रीची जागा नसेल तर दोन्ही गाड्या सारख्याच अडचणीच्या.

बाकी रकान्यांवर थोडक्यात लिहिते, कारण त्यांत तुझा फार वेळ गेलाय. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजाची आयकर सवलत 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. कोटेशनवर ती अजून दाखवणाऱ्याला सरळ विचार. टोलमाफी मुंबई-पुणे द्रुतगती, अटल सेतू आणि समृद्धीवर, तुझ्या रोजच्या वाटेत यातलं काही नाही. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे किमतीतला फरक वाढलाय, तुझे बाबा म्हणतात ते खरं आहे. कॉमेटची बॅटरी भाड्याने घ्यायची योजना 2024 मध्ये आली तेव्हा किलोमीटरला अडीच रुपये होते. पासष्टने गुण, म्हणजे रोजचे एकशे साठ, आणि वर वीज. कमी चालवणाऱ्याला ते परवडेल, तुला नाही. संपलं.

आता खरं काम. मी सगळी नोकरी वीज मंडळात काढली, पुढे महावितरण झालं तेव्हाही तिथेच होते. लोकांच्या घरातलं वायरिंग मी जितकं पाहिलंय तितकी लोकांनी आपली माणसं पाहिली नसतील. म्हणून हा परिच्छेद फोटो काढून ठेव. पॉइंट तुझ्याच मीटरवरून यायला हवा. मीटर रूममधून पार्किंगपर्यंत स्वतंत्र वायर, तांब्याची, 4 चौरस मिलिमीटर, पाइपातून. तिला स्वतःचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की पडणारा स्विच, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा. सॉकेट औद्योगिक पद्धतीचं, झाकणाचं. बाजारातलं स्वस्त सॉकेट गीझरची पंधरा मिनिटं सोसतं, सलग चार तासांत वितळतं. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही, एका रात्रीपुरताही नाही. आणि अर्थिंग. अर्थिंग नसलं की गाडीचा चार्जर चालूच होत नाही, म्हणून काही वायरमन सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतात. चार्जर फसतो, दिवा लागतो, मॅडम खूश. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर त्याच जोडातून करंट गाडीच्या पत्र्यावर येतो आणि दाराला हात लावणारी तू असतेस, पावसात, ओल्या चपलांनी. असं करून देणाऱ्याला पुन्हा दारात उभं करू नकोस.

बिलाचंही बघ. तुझं घरचं बिल शंभर-सव्वाशे युनिटांचं. त्यात महिन्याला दोनशेच्या वर भर पडली की तीनशेचा टप्पा ओलांडतो आणि वरच्या युनिटांचा दर चांगलाच चढतो. चार्जिंगला वेगळी वर्गवारी आणि वेगळं मीटर घेता येतं, पण अर्जाला जागामालकाची संमती लागेल. म्हणजे पुन्हा तिथेच आलो. मालकांचं "बघू" कागदावर यायला हवं.

सोसायटीचं मी अनुभवाने सांगते, आणि इथे मला थोडं जास्त बोलू दे.

आमच्या सोसायटीत मी पॉइंट मागितला तेव्हा सेक्रेटरी माझ्याच ओळखीचे, यजमानांचे जुने मित्र. म्हणाले, आग लागली तर जबाबदार कोण? त्यांची भीती खोटी नव्हती. 2022 च्या उन्हाळ्यात पुण्यात स्कूटर पेटली होती, आपल्या नाशकात तर कंटेनरमधल्या नव्या कोऱ्या स्कूटर पेटल्या होत्या. मी त्यांना समजावलं, या छोट्या गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या आहेत, तापण्याच्या बाबतीत त्या पुष्कळ सोशिक. आपल्याकडे खरी भीती भिंतीतल्या सडक्या वायरिंगची. त्यांनी ऐकलं आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. पुढच्या सभेतही ढकलला. मग मी लेखी अर्ज दिला, सोबत केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचना जोडल्या, त्यात आपल्या घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करता येते असं स्पष्ट आहे. आणि म्हटलं, नकार द्यायचा तर कारणासकट लेखी द्या. वार्षिक सभेत मी उभी राहिले, आवाज चढला, त्यांचाही चढला. पॉइंट मिळाला. सगळा खर्च मी केला, वायर माझ्यासमोर ओढून घेतली. त्यानंतर तिथे आणखी दोन गाड्यांचे पॉइंट निघाले, त्यांना कुणी अडवलं नाही.

पण ते गृहस्थ आमच्याकडे यायचे बंद झाले. कोजागरीला गच्चीवर सगळे असतात, ते आणि वहिनी येत नाहीत. यजमान म्हणतात, गोडीने झालं असतं. झालं असतं का? मी दोन सभा गोडीनेच थांबले होते. तीन वर्षं गोडीने थांबलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या गाड्या शोरूमबाहेरच्या चार्जरवर रांगेत असतात. मला त्या मैत्रीचं वाईट वाटतं, रात्री उठून वाटतं. तरी तो अर्ज मी आजही तस्साच लिहीन. ज्या बाईने आयुष्यभर लोकांच्या घरी वीज पोचवली, तिने स्वतःच्या पार्किंगमध्ये पॉइंट मागताना मान खाली का घालायची?

तुला भांडायला लावत नाहीये. तू भाडेकरू आहेस, तुझं वजन सभेत कमी. तुला मालकांमार्फतच जावं लागेल आणि म्हणूनच ते आधी व्हायला हवं. बुकिंगनंतर मालकांकडे गेलीस तर गरजू म्हणून जाशील, आधी गेलीस तर घर बदलण्याची मोकळीक हातात असेल. ते नाही म्हणाले तर दुसरं घर बघ, जिथे तळमजल्याच्या पार्किंगपर्यंत वायर नेऊ देतात. गाडीसाठी घर बदलायचं हे तुला उलटं वाटेल. मला वाटत नाही. अकरा महिन्यांचं घर बदलता येतं, साठ हप्त्यांची गाडी नाही.

कंपनीच्या पार्किंगमध्ये दिवसा लावायची सोय होते का, तेही विचार. तीन-चार तासांचं काम, शिफ्टमध्ये आरामात होतं. पण त्यावर गाडी घेऊ नकोस. नोकरी तू दोन वर्षांत बदलशील, मला माहीत आहे.

आणि सटाणा. बाबा म्हणतात, गावाला कशी आणशील? नव्वद किलोमीटर एका दमात येते, परतीची रात्र गावात भरायची. म्हणजे तिथेही जागा ठरव. कांद्याच्या चाळीत पॉइंट आहे, पण त्याचं अर्थिंग बघितल्याशिवाय गाडी लावायची नाही. संध्याकाळी विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि फार पडलं की चार्जर आपणहून थांबतो, तेव्हा उशिरा लाव. बाबांना सांग, खड्डा खणून, प्लेट टाकून नीट अर्थिंग करून घ्या, त्याने मोटारीचंही भलं होईल. हे त्यांना पटेल. तू रेंजचे आकडे ऐकवलेस म्हणून ते चिडले.

दसऱ्याच्या ऑफरची घाई करू नकोस. दसरा गेला की दिवाळी असते, दिवाळी गेली की वर्षअखेर, त्यांच्याकडे दर महिन्याला शेवटचे दोन दिवस उरलेले असतात. टोकन दिलं नाहीस ना अजून? दिलं असशील तर परत मिळण्याची अट वाचून मला कळव.

या आठवड्यात एवढंच कर. मालकांना मेसेज नको, प्रत्यक्ष भेट. सोबत अर्धं पान लिहून ने: वायर कुठून कुठे जाईल, खर्च माझा, घर सोडताना पॉइंट तसाच ठेवून जाईन, बिल माझ्या मीटरवर. खाली त्यांची सही. मग सोसायटीच्या नावे अर्ज, त्यांच्याच सहीने, आणि पोच घ्यायची. मीटर रूमचा आणि तुझ्या पार्किंगचा फोटो मला पाठव, मधलं अंतर पावलांनी मोजून लिही. रविवारी सकाळी मी माझा अर्थ टेस्टर घेऊन येते, तेव्हा मालकांनाही थांबायला सांग. चहा तू कर, आणि कोटेशनं टेबलावरून उचलून ठेव.

तुझी मावशी