"गेले" म्हणजे कुठं गेले?

बेळगाव, रविवार

चि. बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. 'द पिट' या अमेरिकन हॉस्पिटल-मालिकेचा पहिला सीझन दोन रात्रींत संपवलास आणि आता इंटर्नशिपनंतर तुला कॅज्युअल्टीच, म्हणजे इमर्जन्सी विभागच हवा! पंधरा भाग दोन रात्रींत? पुढच्या वर्षी झोपेची किंमत कळेल. मीही पाहिला, सुनेनं लावून दिला म्हणून. रोज जेवणानंतर एक.

तुला आवडले ते शेवटचे भाग. गोळीबार, लोटच्या लोट जखमी, हातावर रंगीत पट्ट्या. केलंय चांगलं, पण त्यासाठी कॅज्युअल्टी निवडू नकोस. माझ्या तीस वर्षांच्या नर्सच्या नोकरीत तसा दिवस दोनदा आला. बाकी सगळे दिवस सुरुवातीच्या भागांसारखे. सकाळी सातला शिफ्ट सुरू होते आणि एक भाग म्हणजे एक तास, त्यामुळं त्यांना ताटकळणं कापून टाकता आलेलं नाही. बाहेर माणसं खोळंबलेली, वर वॉर्डात जागा नाही म्हणून आत खाटा अडलेल्या. नाव पिट्सबर्गचं, पण मला आपलीच इमर्जन्सी दिसत होती. फक्त आपल्याकडं एका पेशंटमागं टेम्पोभर नातेवाईक.

डॉ. रॉबी झालेल्या नोआ वायलीला 2025 चं एमी, टीव्हीचं मोठं पारितोषिक, मिळालं, ते ठीकच. मला जास्त बरं वाटलं ते चार्ज नर्स (शिफ्टची प्रमुख नर्स) डेना करणाऱ्या कॅथरीन लानासाला मिळालं म्हणून. पुन्हा बघशील तेव्हा तिच्याकडं बघ. कोण कुठल्या खोलीत, कुणाचा रिपोर्ट राहिलाय, सगळं तिच्या डोक्यात असतं. आणि वाट बघून वैतागलेलाच एक माणूस तिच्या तोंडावर ठोसा मारतो. (तो भाग मी अर्धाच बघितला. का, ते तुझ्या आईला विचार.)

पावसाळ्यात खानापूर, चंदगडकडून साप चावलेली माणसं येतील. कसला साप, ते बहुतेकांना सांगता येत नाही. तेव्हा दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं. प्लास्टिकची चालत नाही. नळी उभी ठेवायची आणि 20 मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय असं धरायचं. गोठलं म्हणून मात्र निर्धास्त होऊ नकोस. नाग-मण्यार चावला तर रक्त गोठतं, पण पापण्या जड होतात आणि मग श्वास अडतो. एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, या चौघांवरचं एकच असतं.

त्या 20 मिनिटांत नवी पोरं मोबाईल काढतात. तू पेशंटपाशी कुणाला तरी उभं कर आणि बाहेर जा. नळीत काय ठेवलंय, घड्याळ कशाला लावलंय, ते घरच्यांना सांग. दार बंद असलं की बाहेरच्याला वाटतं, आत कुणी काहीच करत नाही.

सांगायचं कसं, यात मी सपशेल चुकले होते. नवी होते. खानापूरकडची एक आज्जी, तिच्या म्हाताऱ्याला रात्री आणलेलं. पहाटे संपलं. डॉक्टर इंग्रजीत दोन वाक्यं बोलून आत वळले आणि आज्जी माझ्याकडं बघत राहिली. मी आवाज मऊ करून म्हटलं, "आज्जी, गेले ते." तिनं पदराची गाठ सोडली. दहा-दहाच्या नोटा, घामानं चिकटलेल्या. एकेक सुटी करत विचारते, "कुठं? मिरजेला? गाडीला किती पडतील?"

कन्नडातही तीच गोम. "होग्यार" म्हणालीस की कुणी विचारेल, कुठं? तिथं "तीरकोंडरु" म्हण. मराठीत "वारले". एकदा स्पष्ट सांगायचं आणि गप्प उभं राहायचं. मालिकेत पेशंट गेल्यावर सगळे क्षणभर थांबतात, ते मला फार पटलं. आपल्याकडं तेवढ्यात कुणी तरी बिलाचा कागद पुढं करतो. तो हात तू अडव.

म्हातारा बाप जाताना रॉबी त्याच्या मुलांना चार वाक्यं शिकवतो, प्रेम, आभार, क्षमा वगैरे. सुंदर आहे ते, पण आमच्या भागातला लेक बापाला "माझं तुमच्यावर प्रेम आहे" असं म्हणताना मी ऐकलेला नाही. तो पाय चेपतो. चेपू दे. घरचे तुळशीचं पाणी तोंडात घालायला बघतील. बेशुद्ध माणसाच्या घशात ते श्वासनलिकेत उतरतं, म्हणून ओरडू नकोस, ओला कापूस त्यांच्या हातात दे आणि ओठ टिपायला सांग.

तुझं कन्नड भाजी घेण्यापुरतं आहे, ते मला ठाऊक आहे. "ऊटा आत्री?" (जेवण झालं?)च्या पुढं गाडी जात नाही. कुठं दुखतंय, कधीपासून, काय प्यायलात, सोबत कोण, एवढं तरी न अडखळता विचारता यायला हवं. विष घेतलेल्या माणसापुढं शब्द शोधायला वेळ नसतो. पुढच्या रविवारी अकराला ये. वही आण, आणि येताना कॅम्पातून पावशेर कुंदा.

तुझी,
सिस्टरकाकू