निम्मे आकडे अंदाजाचे असताना सेन्सिटिव्हिटी ॲनॅलिसिस करून हाती काय लागतं?

तुमचं म्हणणं असं, की गणितात (मॉडेलमध्ये) घातलेले आकडेच अंदाजाचे असतील तर हे ॲनॅलिसिस करून, म्हणजे एकेक आकडा थोडा हलवून उत्तर किती हलतं ते बघून, अचूकपणा कुठून येणार? येत नाहीच. कळतं एवढंच, की कोणता अंदाज तपासायला गाडीला किक मारून जायचं आणि कोणता आहे तसा सोडायचा.

मी निपाणी-सदलगा भागात उसाच्या लिफ्टची, म्हणजे नदीचं पाणी पंपाने शेतावर चढवायची, कामं करतो. दूधगंगेवरून शेतापर्यंत पाइपलाइन टाकायची तर पंप किती हेडचा, म्हणजे किती मीटर उंच पाणी ढकलणारा लागेल, हे काढून देतो. एक नमुना घ्या. लाइन 600 मीटर, पाणी सेकंदाला 10 लिटर, चढ 25 मीटर, पाइपचा आतला व्यास 104 मिलिमीटर. घर्षणाचा गुणांक 0.02 धरला तर घर्षणात साधारण 8 मीटर जातात, म्हणजे एकूण हेड 33.

आता एकेक आकडा हलवून बघायचा. लांबी पावलांनी मोजली असेल, 10 टक्के चुकली तरी हेड पाऊण-एक मीटरच हलतं. गुणांक 0.025 केला तर 2 मीटर वाढतात. सूत्रात सगळ्यात नाजूक आहे तो व्यास. घर्षण त्याच्या पाचव्या घाताने बदलतं, त्यामुळे 104 चे 100 झाले की पावणेदोन मीटर वाढले. (बाहेरून 110 चाच पाइप, पण जास्त दाबाचा घेतला की जाडी आतल्या बाजूला वाढते. हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.) तरी व्यासाची मला काळजी नाही. दुकानात व्हर्नियर लावला की दोन मिनिटांत शंका फिटते.

घोळ असतो तो नदीच्या पातळीचा. तिथे पाचवा घात वगैरे काही नाही, मीटरला मीटर. पण काळम्मावाडी धरणातून पाणी कधी सुटणार यावर उन्हाळ्यातलं पात्र ठरतं. त्या शेताचे म्हातारे मालक जॅकवेलजवळचा (नदीकाठच्या, पंप असलेल्या विहिरीजवळचा) दगड दाखवत म्हणाले, "मे महिन्यात पाणी ह्याच्या बी खाली जातंय बघा." टेप सोडली तर 4 मीटरचा फरक. नुसती नाजूकता बघून चालत नाही. आपलं अज्ञान किती मोठं आहे, त्याने तिला गुणावं लागतं.

एकावेळी एकच आकडा हलवण्यात धोका आहे, हे खरं. ज्यांना जमतं त्यांनी सगळे एकदम हलवून हजार वेळा गणित चालवावं. पण मी ठेच खाल्ली ती वेगळ्याच ठिकाणी. पहिल्या लिफ्टला मी सगळे आकडे वाईट बाजूलाच हलवले आणि 43 हेडचा पंप बसवला. मे महिना झकास गेला. जुलैत नदी भरून आली, चढ कमी झाला, पाइप नवा म्हणून घर्षणही कमी. लागत होतं जेमतेम 30 हेड. अशा वेळी सेंट्रिफ्युगल पंप जास्त पाणी फेकतो आणि मोटर जास्त करंट ओढते. पंधरा दिवसांत वाइंडिंग जळालं. ते मी माझ्या खिशातून भरून दिलं.

तेव्हापासून मे आणि जुलै, दोन्हीचं हेड काढतो, पंपाच्या कर्व्हवर (किती हेडला किती पाणी आणि किती करंट, हे दाखवणाऱ्या आलेखावर) दोन्ही जागी अॅम्पियर बघतो, आणि पॅनेलवरच्या अॅमीटरच्या काचेवर लाल रेघ ओढून देतो. काटा रेघेपाशी आला की डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळायचा.